स्नेहवर्धन सोसायटीचं एकमत

मृण्मयी तांबवेकर मिरजेला आली ती आईला एक वाईट बातमी सांगायला. पण घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईनं तिच्यापुढे कैऱ्यांची पाटी आणि किसणी सरकवली. घरी चैत्रगौर बसली होती. दुपारी सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या, डाळ वाटायची होती, पन्हं गाळायचं होतं, आणि वैजयंतीबाईंचा स्वभाव असा की हातातलं काम उरकल्याशिवाय त्यांना जगातली कुठलीच बातमी ऐकू येत नसे.

“आई, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल की. हात चालव आणि बोल. कीस बारीक पाड हं, मागच्या वर्षी मगदूमकाकूंच्या दाताखाली फोड आली होती. वर्षभर ऐकवलंय त्यांनी.”

मृण्मयीनं दोन कैऱ्या किसल्या आणि तोंड मिटून घेतलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या मुलीनं लिहिलेली मालिका कुणी बघत नाही, म्हणून ती उद्या बंद होणार आहे, हे?

‘बदलीचं गाव’ ही तिची स्वतःची पहिली मालिका. स्टेशनमास्तरची बायको इंदुमती, दर थोड्या वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर, नवे शेजारी, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून मांडलेला संसार. ही इंदुमती बरीचशी वैजयंतीबाईंवरूनच घेतलेली होती. मृण्मयीचे बाबा रेल्वेत होते तोवर तांबवेकरांचं बिऱ्हाड असंच फिरत राहिलं, आणि बाबांच्या माघारी आई मिरजेत, रेल्वेवाल्यांच्या या स्नेहवर्धन सोसायटीत स्थिरावली. मालिका ‘पडवी’वर लागायची. पडवी म्हणजे त्या दिवसांतलं मराठी मालिकांचं सगळ्यांत मोठं दुकान. महिन्याचा हप्ता भरायचा आणि हवं ते बघायचं. पडद्यासमोर किती माणसं बसली, कुठे हसली, कुठे कंटाळून उठली, हे पडदाच मोजायचा आणि पुण्याच्या कचेरीत कळवायचा. पुण्या-मुंबईत मालिका बरी चालली होती. पण जिथली ती गोष्ट, जिथली तिची भाषा, त्या सांगली-मिरज-निपाणी पट्ट्यात आकडा जवळजवळ शून्य होता.

हे शून्य मृण्मयीच्या फार जिव्हारी लागलं होतं. आई फोनवर म्हणायची, “अगं, इथं सगळ्या बघतात तुझी मालिका, डोळे लावून बसलेल्या असतात.” पण आकडे समोर दिसत असताना आईचं हे बोलणं म्हणजे लेकीचं मन राखणं, एवढं न कळायला मृण्मयी दूधखुळी नव्हती. तिनं मनातल्या मनात लिहिणं सोडूनही दिलं होतं. एका औषध कंपनीत काम मिळत होतं. गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर यंत्र जी मराठी छापतं, ती तपासायची. तिथे आपलं लिहिणं कुणी वाचतं का, ही टोचणी तरी नव्हती. कुणीच वाचत नाही, हे आधीच ठाऊक होतं.

दुपारी ऊन जरा उतरलं तसा दिवाणखाना भरून गेला. गौरीपुढे कलिंगडाचं कमळ, फराळाच्या परड्या, डाळीचा आणि वाळ्याचा वास, ओटीत भिजवलेले हरभरे. मृण्मयी पन्ह्याचे पेले फिरवत होती. मगदूमकाकूंनी पेला घेतला आणि तिचा हातच धरून ठेवला. मगदूमकाकू म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी. सेक्रेटरींपेक्षा त्यांचाच आवाज तीन जिने वर ऐकू जायचा.

“बरी सापडलीस. तुला एक विचारायचंच होतं बघ. ती इंदुमती नव्या क्वार्टरमध्ये पहिला नैवेद्य दाखवते की नाही, त्या ताटात चटणी-कोशिंबीर उजव्या बाजूला कशी गं वाढलीयास?”

“होय की!” शेजारच्या कोरेकाकू एकदम पुढे सरकल्या. “आणि भाजी डावीकडं! मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, एवढी गुणाची बाई आणि ताट उलटं वाढते?”

“मलासुद्धा खटकलं ते,” खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं.

“आमच्या सूनबाईंनासुद्धा.”

“अगं, डावं-उजवं तेवढं तरी बघायचं. बाकी मालिका म्हणजे काय, बघायलाच नको. त्या बदलीच्या भागाला तर मी पदर तोंडाला लावून रडले.”

मृण्मयीला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. बघतात! या सगळ्या बघतात! आई खरं सांगत होती! पण तो आनंद धड चेहऱ्यावर येण्याआधीच तिच्या लक्षात आलं की सगळ्या जणी एकच गोष्ट सांगत आहेत, आणि हातातलं पन्ह्याचं तबक तिला एकाएकी जड झालं.

हे असं का, ते नीट सांगायला हवं. फुकट्या प्रती काढणारे लोक मालिका निघाल्यापासून आहेत, आणि अशी प्रत बघणारा पडद्याच्या मोजणीत येत नाही. त्यांना पकडायला पूर्वी चित्राच्या बारीक ठिपक्यांत न दिसणारी खूण दडवत. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी खूण. बाहेर फिरणारी प्रत सापडली की खूण वाचायची, कुणाच्या घरून फुटली ते कळायचं. पण पडद्यासमोर दुसरा कॅमेरा धरून चित्र उतरवलं, चार वेळा दाबून लहान केलं, की ठिपके विस्कटायचे आणि खूण पुसली जायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खूण ठिपक्यांत कशाला ठेवायची, ती थेट प्रसंगातच ठेवावी. खिडकीचा पडदा अर्ध्या प्रतींत हिरवा, अर्ध्या प्रतींत निळा. कपाचा कान अर्ध्या प्रतींत शाबूत, अर्ध्या प्रतींत तुटका. शूटिंग एकदाच व्हायचं; नंतर यंत्र प्रत्येक घरासाठी हे तपशील फिरवून वेगळी प्रत विणायचं. एका जागेत दोन शक्यता, दोन जागांत चार, तीन जागांत आठ. असं दुप्पट दुप्पट करत गेलं की चौतीस जागांत पृथ्वीवरच्या एकूण माणसांपेक्षा जास्त प्रती होतात, आणि त्यातली कुठलीही दुसरीसारखी नसते. कॅमेरा धरा, लहान करा, धुरकट करा. हिरवा पडदा हिरवाच राहतो.

या जागा ठरवायच्या कुणी? तर लेखकानं. संवाद लिहून झाले की ज्या गोष्टी कशाही असल्या तरी कथेला धक्का लागत नाही, त्या लेखकानं अधोरेखित करायच्या. धंद्यात त्यांना ‘सैल जागा’ म्हणत. मृण्मयी गेली कित्येक वर्षं पुण्यात टेबलावर डबा उघडून, डोळे स्क्रीनला लावून जेवत होती; ताटाला डावी-उजवी बाजू असते हेच ती विसरली होती. नैवेद्याच्या प्रसंगात तिनं बेधडक लिहून टाकलं होतं: ताटातली मांडणी, सैल. आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीनं असं लिहावं, याला काय म्हणावं! पण लिहिलं खरं. म्हणजे निम्म्या महाराष्ट्रानं चटणी डावीकडे पाहिली होती आणि निम्म्यानं उजवीकडे.

आता या बायकांनी आपापल्या घरी, आपापला हप्ता भरून मालिका पाहिली असती, तर या घटकेला दिवाणखान्यात कडाक्याचं भांडण जुंपायला हवं होतं. निम्म्या म्हणाल्या असत्या, ताट उलटं होतं; निम्म्या म्हणाल्या असत्या, चष्मा बदला. त्या काळी प्रामाणिक प्रेक्षकांचं कधी एकमत होत नसे.

“काकू,” मृण्मयी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, “त्या क्वार्टरच्या खिडकीला पडदा कुठला होता?”

“हिरवा!” सगळा दिवाणखाना म्हणाला.

“आणि मास्तर चहा पितात तो कप?”

“कान तुटका!”

मृण्मयीनं आईकडे पाहिलं. वैजयंतीबाई पन्ह्याच्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. पन्ह्यात साखर केव्हाच विरघळलेली होती. त्या आपल्या फिरवतच होत्या.

पडवीवर लिहिणाऱ्याला एक प्रत फुकट मिळायची, घरच्यांसाठी. मृण्मयीनं ती आईच्या नावावर करून दिली होती. हिरवा पडदा, तुटका कान, उजवीकडची चटणी ही त्या प्रतीची मांडणी होती, यात तिला आता तिळमात्र शंका राहिली नाही.

आणि इथेच सगळी मेख होती. ज्याच्या घरून प्रत फुटली, त्याचा पडदा एक वर्ष बंद, कुठल्याच कंपनीची कुठलीच मालिका नाही, हा कायदा होता. ते घर मालिकेवर काम करणाऱ्याचंच निघालं, तर कंपनी त्याचा करार मोडू शकत होती. उद्या पडवीची बैठक. तिथे ‘लोक बघतात हो, फक्त तुमच्या मोजणीत येत नाहीत’ हे सिद्ध करायचं तर चोरी सांगायला हवी, आणि चोरी सांगायची तर ती स्वतःच्या आईची. सांगितलं तर मालिका कदाचित वाचेल, पण मृण्मयीच्या हातून जाईल. नाही सांगितलं तर मालिकाच जाईल.

“अगं, पुढच्या पर्वात कुठं बदली होते तिची?” कोरेकाकू विचारत होत्या. “आम्ही पैज लावलीय, मी म्हणते लोंढा.”

“पुढचं पर्व नाही, काकू,” मृण्मयी म्हणाली. “मालिका बंद होतेय. उद्या.”

कोरेकाकूंनी पेला खाली ठेवला.

“बंद? का?”

“कुणी बघत नाही म्हणून.”

“कुणी बघत नाही म्हणजे? आम्ही काय बघत नाही होय?” मगदूमकाकूंचा आवाज चढला, आणि वाक्य संपता संपता उतरला. त्यांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी डाव खाली ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. कोरेकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पडद्यासमोर धरायची एक डबी बनवली होती. वैजयंतीबाईंच्या घरी भाग लागला की डबी तो टिपून घ्यायची आणि सोसायटीच्या सामायिक फाइलींच्या साठ्यात, पाणी सोडायच्या वेळापत्रकाशेजारी नेऊन ठेवायची. तिथून तो कुणी निपाणीच्या बहिणीला दिला होता, कुणी इचलकरंजीच्या नणंदेला, कुणी बेळगावच्या व्याह्यांना.

“चोरी कसली त्यात?” कोरेकाकू हळूच म्हणाल्या. “आमच्या लहानपणी आळीत एकाच्या घरी टीव्ही असायचा. सगळी आळी दारात बसून बघायची. कुणी चोर म्हटलं नाही आम्हाला.”

“आणि काही कमी हप्ते आहेत का गं?” मगदूमकाकू म्हणाल्या. “क्रिकेटचा एकाकडं, नातवाच्या कार्टूनचा दुसऱ्याकडं, भजनाचा तिसऱ्याकडं. लेखिकेच्या आईनंच हातानं दिल्यावर आम्ही कशाला नाही म्हणू?”

यावर मृण्मयीकडे उत्तर होतं. लिहिणाऱ्याचं पोट, कॅमेरावाल्याचं पोट, कायद्याचं कलम, सगळं तिला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“काकू, आळीतल्या टीव्हीवाल्याला दिसत होतं ना, दारात कोण कोण बसलंय ते? मला नाही दिसलं. तुम्ही रडलात, पैजा लावल्यात, ताटावरून मला शिव्या दिल्यात, यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. वर्षभर मी समजत होते की माझ्याच गावाला माझी गोष्ट नको आहे. हप्त्याचं मरू दे. तुम्ही बघताय, हे तुम्ही माझ्यापासून चोरलंत.”

ओट्या भरलेल्याच होत्या. बायका एकेक करून उठल्या, गौरीला नमस्कार केला आणि चपला घालून गेल्या. जाताना मगदूमकाकूंनी मृण्मयीच्या पाठीवरून हात फिरवला.

मायलेकी पेले विसळायला उभ्या राहिल्या.

“मला कळलंच नाही गं,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “शेजारी वाटीभर भाजी देतो, तसंच वाटलं मला ते. माझ्या लेकीनं केलेलं, खाऊन बघा म्हणून. मिरवत होते मी.”

“वाटी दिली की आपल्या घरातलं तेवढं कमी होतं, आई. म्हणून देताना कळतं तरी काय दिलं ते. ह्यात आपल्याकडचं काहीच कमी होत नाही, म्हणून कुणाचं कमी झालं तेही कळत नाही.” मृण्मयीनं पेला जरा जास्तच जोरात आपटला. तिला आईचा भयंकर राग आला होता, आणि आईचे ओले हात बघून रडूही येत होतं.

“सांगून टाक त्यांना. माझं नाव सांग.”

“सांगितलं तर मालिका राहील, पण माझ्याकडे राहणार नाही. दुसरं कुणीतरी लिहील इंदुमतीला.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर कुणीच नाही लिहिणार.”

वैजयंतीबाईंनी पदराला हात पुसले. “मग काय विचार करायचा त्यात? बिऱ्हाड बांधून फलाटावर उभी केलीयास तिला. गाडीत तरी बसू दे. कुणाच्या का हातानं बसेना.”

आईनं हे म्हटल्यावर मृण्मयीला पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर तिनं निनाद उपासनीला फोन लावला. निनाद पडवीत खुणा तपासायचं खातं सांभाळायचा. फुटलेल्या प्रती हुडकून त्यांचे मालक शोधणं हेच त्याचं काम. पडद्यावर त्याचा चेहरा उमटला तो असा, की हा माणूस रात्रभर झोपलेला नाही हे सांगायची गरजच नव्हती. वैजयंतीबाई इस्त्रीची साडी नेसून मृण्मयीच्या शेजारी येऊन बसल्या. पोलीस चौकीत जायचं असतं तरी त्या अशाच गेल्या असत्या.

“निनाद, मला एक कबूल करायचंय. आमच्या घरून...”

“थांब थांब. आधी मला सांग, काल मिरजेत झालं काय?”

“म्हणजे?”

निनादनं डोकं खाजवलं. “आमच्या वकिलांनी मागे एक सोय केली होती, आठवतंय? कबुलीची खिडकी. चोरून बघितलं असेल तर स्वतःहून सांगा, त्या पर्वाचा हप्ता भरा, प्रकरण मिटलं. आमच्याकडे त्याची इतकी चेष्टा झाली की ज्याला काही काम नाही त्याला लोक म्हणायचे, जा, कबुलीच्या खिडकीत बस. अगं, चिटपाखरू फिरकलं नव्हतं तिथे! आणि कालपासून ती खिडकी नुसती वाजतेय. मला वाटलं यंत्र बिघडलं. आधी सगळं मिरज. मग निपाणी. मग इचलकरंजी, बेळगाव, पहाटे पहाटे हुबळीहून कुणीतरी. बायका, पुरुष, एक तर नव्वदीचे आजोबा आहेत. आणि माणसं बघितलं म्हणून नुसतं सांगत नाहीत, कुठे रडलो, कुठे हसलो ते सांगतात. एक मगदूम म्हणून बाई आहेत, त्यांचा निरोप ऐकायला मला चहा करून आणावा लागला, एवढा मोठा आहे.”

मृण्मयीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“आणि प्रत्येकानं, म्हणजे अक्षरशः प्रत्येकानं, शेवटी एक तक्रार नोंदवलीय. ताटात चटणी उजवीकडे का? खूण वाचायला मला यंत्र लावावंच लागलं नाही. लोकांनीच वाचून दाखवली.”

“म्हणजे प्रत कुणाची ते तुला कळलंय.”

“काल दिवेलागणीलाच.”

“मग फोन का नाही केलास?”

“तू करतेस का, ते बघत होतो,” निनाद म्हणाला. मग त्याला बरं वाटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. “केलास.”

इतका वेळ गप्प बसलेल्या वैजयंतीबाई पुढे झाल्या. “साहेब, हिला यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे. काय शिक्षा असेल ती मला द्या.”

“काकू, तुमचा पडदा वर्षभर बंद होईल. ते टाळणं माझ्या हातात नाही.”

“टाळू नकाच. आणि हिचं काय?”

“नियमात लेखकाचा करार मोडता येतो असं आहे. मोडलाच पाहिजे असं नाही. आजची बैठक पहाटेच उरकली, तिथे आमच्या वकिलांना तो मोडायचा होता. मी त्यांना एवढंच विचारलं, जिची मालिका पुढे चालावी म्हणून माणसं स्वतःहून चोर म्हणवून घ्यायला रांग लावतात, तिला काढून आणणार कुणाला?” निनाद हसला. “फुकट प्रत यापुढे मिळणार नाही, आणि तुला कडक समज देण्यात आली आहे. ही दिली. आता पुढच्या पर्वाचं लिहायला घे. आणि ताट सैल ठेवू नकोस, माझ्या आईनंही कान धरलाय माझा.”

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं आणि हसता हसता ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. वैजयंतीबाईंनी तिला रडू दिलं. मग गॅसवर राहिलेल्या दुधाची आठवण होऊन त्या उठल्या. औषध कंपनीला मृण्मयीनं त्याच दुपारी नाही म्हणून कळवलं.

कोरेकाकांची डबी सोसायटीच्या भंगारात गेली. ज्यांना एकट्यानं हप्ता झेपत नव्हता त्यांनी दोघा-तिघांत मिळून भरला आणि एकाच घरी बसून बघायचं ठरवलं. माणसं मोजली गेल्याशी कारण. पुढचं पर्व श्रावणात सुरू झालं, आणि घरोघरी स्वतःची प्रत आल्यावर स्नेहवर्धन सोसायटीची शांतता पार गेली. इंदुमतीच्या कानात कुड्या होत्या की झुबे, यावरून मगदूमकाकू आणि कोरेकाकू दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, देवळात, जिथे तिथे वाद. सगळ्या जणी आपापल्या जागी अगदी बरोबर होत्या. पुण्यात निनाद मिरजेचा आकडा बघायचा आणि मृण्मयीला फोन करून नुसताच हसायचा.

वैजयंतीबाई मात्र कुणाच्याच घरी मालिका बघायला गेल्या नाहीत. मगदूमकाकूंनी खुर्ची राखून ठेवली, कोरेकाकू बोलवायला दारात आल्या, कायद्यानं शेजारी बसून बघायला हरकत नव्हती. पण बाईंचं एकच म्हणणं, “वर्षाची शिक्षा आहे ना? मग वर्षाची.” यात थोडा हेका होता आणि थोडी लाजही होती. जिन्यात बायका गोष्टीबद्दल बोलायला लागल्या की त्या कानावर हात ठेवून वर जायच्या.

पहिला भाग लागला त्या रविवारी सकाळी मृण्मयीनं आईला फोन केला.

“बघितला का सगळ्यांनी?” आईनं विचारलं.

“बघितला. तुला सांगू?”

“चालेल का ते?”

“माझी गोष्ट, मी माझ्या आईला सांगतेय. कुणाची प्रत फुटतेय त्यात?”

वैजयंतीबाई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मृण्मयीनं समोर काही घेतलं नव्हतं. सगळं तोंडपाठच होतं. ती सांगायला लागली. लोंढ्याचं जुनं क्वार्टर, दारात साचलेला पालापाचोळा, मास्तर कामावर रुजू व्हायला तसेच पुढे गेलेले, आणि अनोळखी गावात कुलूप उघडत नाही म्हणून पायरीवर बसलेली इंदुमती, मांडीवर देवांची पेटी.

“हं,” आई म्हणाली.

मृण्मयी पुढे सांगू लागली. शेजारच्या क्वार्टरचं दार किलकिलं झालं, एक बाई डोकावली, पण बाहेर आली नाही.

“हं.”

इंदुमतीनं पेटी खाली ठेवली, पदर खोचला आणि एक दगड उचलला.

तिकडे आईचा श्वास जरा अडला. इतकी वर्षं कागदावर, यंत्रावर, आकड्यांवर नजर ठेवून लिहिणाऱ्या मृण्मयीला तो श्वास अगदी स्पष्ट ऐकू आला, आणि ती मुद्दामच क्षणभर थांबली.

“अगं, मग?” वैजयंतीबाई घाईनं म्हणाल्या. “पुढं सांग की!”